दोन पॉइंट पंधरा

सव्वीस वर्षं भोसरीच्या कंपनीत
माझ्या हातात व्हर्निअर होता.
दोन शतांश मिलिमीटरसाठी
अख्खी ट्रॉली परत पाठवलेली आहे मी,
सुपरवायझर पाया पडला तरी.

आणि व्हीआरएस घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात
दीडशे सीसीच्या गाडीला
एकशे तीसचा मागचा टायर बसवला.

का, तर स्वारगेटच्या सिग्नलला
शेजारी एक पोरगा थांबला होता
आणि त्याच्या मागच्या चाकाकडे बघून
माझं चाक मला सायकलचं वाटलं.
कारण याहून मोठं नाही.

हिशेब मात्र केला. सवयच ती.
मूळचा शंभर, त्याच्या नव्वद टक्के : उंची नव्वद.
नवा एकशे तीस, त्याच्या सत्तर टक्के : एक्याण्णव.
एका मिलिमीटरचा फरक, टॉलरन्सच्या आत.
वैजयंतीला कागद दाखवला.
ती म्हणाली, संध्याकाळी भाजी कुठली करू?

नाना पेठेत मुनाफ बागवान नको म्हणाला.
"साहेब, अंगापेक्षा बोंगा मोठा होईल."
मी पलीकडच्या दुकानात गेलो.

दिसायला, खरं सांगतो, झकास.
सोसायटीचा वॉचमन दोनदा फिरून बघून गेला.

पण बोपदेव घाटात
पहिल्याच वळणाला गाडी म्हणाली, नंतर बघू.
मी झुकलो, ती झुकेना.
मग झुकली ती वर येईना;
रुसलेला पाहुणा कसा, आधी पंक्तीला बसत नाही
आणि बसला की उठत नाही.
चेन कव्हरला रबर घासत होतं,
तो वास सासवडपर्यंत सोबतीला.
सासवडला पावशेर अंजीर घेतले,
उभ्या उभ्या सगळे खाल्ले.
घरी जायला तोच घाट उतरायचा होता.

सोमवारी मुनाफकडे.
"सांगितलं होतं" असं तो म्हणाला नाही,
म्हणाला असता तर बरं झालं असतं.
उकिडवा बसला, अंगठ्याने अलॉयवरची माती पुसली.
तांदळाएवढे अंक :
सतरा गुणिले दोन पॉइंट पंधरा.

सात वर्षं दर रविवारी
मी त्या अंकांवरून फडकं फिरवत आलोय.

"इंच," तो म्हणाला. "रिमची रुंदी.
तुम्ही वरचं मोजलं. टायर बसतो खाली."

अरुंद रिममध्ये काठ आत ओढले जातात,
पोट वर येतं.
त्याने चाकावर मगभर पाणी ओतलं,
गाडी फरशीवर हातभर ढकलली.
ओला पट्टा उमटला, दोन बोटांचा.
मग शंभरचा चढवला, पुन्हा पाणी, पुन्हा ढकलली.
तीन बोटं.

जाड टायर कमी टेकत होता.
मी ते दोन्ही पट्टे वाळेपर्यंत बघत राहिलो.

माझा जुनाही त्याने पोत्यातून काढून पाहिला :
मधे तुळतुळीत, पाटासारखा सपाट,
कडेला कारखान्यातले रबराचे केस तसेच उभे.
"चौक ते चौक सरळच चालवलीत की हो."
यात टोमणा नव्हता. त्यानंतर मला काही सुचलं नाही.

बाणाची दिशा दाखवली,
कितव्या आठवड्यात बनला ते चार आकडे वाचून दाखवले.
हवा अठ्ठावीस, वहिनी मागे असतील तर बत्तीस.
पहिले शंभर किलोमीटर जपून, कोरं रबर निसटतं.
एकशे तीस त्याने अर्ध्या किमतीत ठेवून घेतला,
भिंतीला टेकवला आणि चहा सांगितला.

तेवढ्यात एक पोरगा आला.
गाडी माझीच, रंग वेगळा.
"चाचा, तो जाडवाला कितीला?"

मुनाफ मान वर न करता म्हणाला,
"साहेबांना विचार. ते मोजमापातले आहेत."

माझ्या तोंडात निम्मं बिस्किट.
मी बोटाने त्याच्या रिमकडे दाखवलं.
पोरगा टायरकडे बघत होता.